न दुखणारी गाठ

बिश्केक, ३ जून

माझे थोरले बंधू तिनाली बाइके यांना बुरमाकानचा सलाम.

मेंढ्या, घोडे, माणसं सगळी वर अकसायच्या कुरणावर नीट पोचली असतील. गवत कसं आहे, तपकिरी घोडीला शिंगरू झालं का, हे मी नंतर विचारीन. आधी एवढंच सांगा, कुत्र्यांना गोळ्या दिल्या का?

दिल्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. परवा जोल्चू ट्रक घेऊन आला होता, तुम्ही पाठवलेलं वाळवलेल्या दह्याचं कुरुत देऊन गेला. त्याला विचारलं तर आधी बराच वेळ टोपी सारखी करत बसला आणि मग म्हणाला, "बुरमा एजे, गोळ्यांचं पुडकं खोगिराखाली आहे. जसंच्या तसं."

बाइके, फेब्रुवारीत तुमच्या बायकोच्या, सादात जेंगेच्या, यकृतातून दुसऱ्यांदा गाठ काढली. हॉस्पिटलच्या बाकावर बसून तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "बुरमा, तू सांगशील ते करीन." मी काय सांगितलं होतं? दूध सोडा म्हटलं नाही, घोडा विका म्हटलं नाही. अकतोशला आणि बाकीच्या दोन कुत्र्यांना ठरल्या वेळी गोळी द्या आणि मेंढी कापली की तिचं काळीज-फुप्फुस कुत्र्यांपुढे न टाकता खड्ड्यात पुरा, एवढंच. यात अवघड काय आहे?

पुन्हा एकदा लिहिते, कारण तोंडी सांगितलेलं तुमच्या या कानातून त्या कानात जातं. मेंढीच्या काळजात पाण्याच्या गाठी असतात, त्या तुम्ही शंभरदा पाहिल्यात. त्या गाठी कुत्र्यानं खाल्ल्या की त्याच्या आतड्यात जंत वाढतो. त्या जंताची अंडी कुत्र्याच्या केसांना चिकटतात, गवताला लागतात, ओढ्यात जातात. तुम्ही अकतोशच्या मानेवरून हात फिरवता आणि त्याच हातानं भाकरी मोडता. अंडं पोटात जातं, तिथून यकृतात, आणि तिथे नवी गाठ धरते. जेंगेचं पोट दोनदा फाडावं लागलं ते नजर लागली म्हणून नव्हे.

उत्तर जोल्चूबरोबरच द्या. तो शनिवारी परत खाली उतरणार आहे. "बघू" असं लिहू नका.

तुमची बहीण,
बुरमाकान

---

अकसाय, १९ जून

बुरमा,

सलाम पोचला. घोडीला शिंगरू झालं. गवत बरं आहे. हे तू विचारलं नाहीस तरी सांगतो, कारण आमच्याकडे पत्र असंच सुरू करतात.

जोल्चूला मी चांगला फैलावर घेतला. माझ्या खोगिराखाली काय आहे हे शहरात जाऊन सांगायला त्याला कुणी नेमलंय?

आता गोळ्यांचं ऐक. अकतोश धडधाकट आहे. मागच्या महिन्यात त्यानं एकट्यानं लांडगा परतवला. त्याचे दात बघ, डोळे बघ, केस बघ. आजारी कुत्रा मी ओळखत नाही का? जे कुत्रं आजारी नाही त्याला औषध द्यायचं, ही कुठली रीत? उद्या म्हणशील, बाइके, तुम्हीपण एक घ्या.

आणि मेंढीचं काळीज पुरायचं म्हणतेस. इथे खडक आहे, बाई. फावडं मारलं की ठिणगी उडते. शेजारचा ताश्तानबेक तर हसून हसून उताणा पडला. म्हणाला, "तुझी बहीण मेंढीचा दफनविधी करायला सांगते, मुल्लापण तिथूनच पाठवणार का?"

मला एक सांग. पायात काटा गेला तर पाय सुजतो, पू होतो, ठणकतं. म्हणजे शरीराला कळतं की परकं काही आत शिरलंय, आणि ते त्याला बाहेर ढकलतं. मग तू म्हणतेस तशी खरबुजाएवढी गाठ आत वर्षानुवर्षं बसते आणि शरीराला पत्ता नाही? ना ताप, ना सूज? सादातला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती गाय दोहत होती आणि गाणं म्हणत होती. मला हे पटत नाही. एवढी वर्षं शिकलीस, त्याचं उत्तर दे, मग गोळ्यांचं बघू.

सादात बरी आहे. घोडीच्या दुधाचं कुमिस घुसळते, मला घुसळते. मला जरा खोकला आहे, धुळीचा. काळजी नको.

तिनाली

---

बिश्केक, २ जुलै

बाइके,

"बघू" लिहू नका म्हटलं होतं, तरी लिहिलंत. पण प्रश्न चांगला विचारलात, हे कबूल करते. त्याच प्रश्नावर माझा पगार चालतो. उत्तर देते, आणि उत्तर कळल्यावर गोळी द्यायची, हे तुम्हीच तुमच्या अक्षरात लिहिलंय.

आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. काटा शिरला की याच पेशी धावून जातात, म्हणून सूज आणि ठणका. गाठीतल्या जंतालाही त्या ओळखू शकतात. पण हा जंत गप्प बसत नाही. त्याच्यापासून सतत पुड्या सुटत असतात. पुड्या म्हणजे अगदी बारीक, चरबीचं पातळ आवरण असलेले गोल कण. इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. प्रत्येक पुडीत जंतानं स्वतःच्या पेशीतला काही माल भरलेला असतो. ही पुडी राखणदार पेशीला चिकटते, पेशी ती गिळते, आणि आतला माल पेशीत सुटतो. मग तीच पेशी, जिनं बोंब ठोकून बाकीच्यांना उठवायचं, ती मऊ पडते. उलट इतरांना सांगते, शांत राहा, काही नाही. म्हणून ताप नाही, सूज नाही, आणि म्हणून जेंगे गाणं म्हणत होती. शरीराला कळत नाही असं नाही, बाइके. कळणाऱ्यांनाच गुंगवलेलं असतं.

माझं काम एवढंच. हॉस्पिटलातून काढलेल्या गाठींचं पाणी येतं, ते मी यंत्रात गरागरा फिरवून त्यातल्या पुड्या वेगळ्या करते. मग निरोगी माणसांच्या रक्तातल्या राखणदार पेशी घेते. अर्ध्यांना पुड्या देते, अर्ध्यांना नाही. नंतर दोन्हींना चिथावते आणि कोण किती बोंब मारतं ते मोजते. पुड्या न दिलेल्यांनी जोरात ओरडायला हवं, दिलेल्यांनी हळू.

लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात वसंतापासून डोकं उठलंय. यंत्र दोनदा बिघडलं. रक्त द्यायला निरोगी माणसं मिळत नाहीत. विद्यार्थी नाव देतात आणि ऐनवेळी परीक्षेचं निमित्त काढतात. शेवटी आम्ही प्रयोगशाळेतल्या बायकांनीच दंड पुढे केले. नमुन्यांवर नावं नसतात, फक्त खुणा असतात, म्हणजे कुणाचं रक्त ते आम्हालाही कळू नये. त्यातला एक नमुना असा वाह्यात निघालाय की काही विचारू नका. त्यातल्या पेशींना पुड्या दिलेल्याच नाहीत, तरी चिथावल्यावर ढिम्म. तीन वेळा करून पाहिलं, तीनही वेळा तेच. आमच्या प्रमुख बाई ल्युबोव पेत्रोव्हना म्हणतात, "बुरमाकान, तू भांडी नीट धूत नाहीस." तीस वर्षं भांडी धुतेय मी. त्या एका नमुन्यानं माझा तक्ता नासवलाय.

असो. गोळी कणकेत घालून दिली तर अकतोश थुंकून टाकेल. मेंढीच्या शेपटीच्या चरबीत दडवून द्या. आणि खोकला धुळीचा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

बुरमाकान

---

अकसाय, १० जुलै

बुरमाकान,

हे पत्र मी, सादात, लिहितेय. जोल्चूला शपथ घातली आहे, तुझ्या भावाला कळता कामा नये.

तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि टोपीत घालून ठेवलं. गोळ्या दिल्या नाहीत. पण मी त्यासाठी लिहीत नाही. ते उजवी कूस धरून चालतात. खोगीर उचलताना ओठ चावतात. कुशीवर झोपता येत नाही, बसल्या बसल्याच डोळे मिटतात. खोकला आला की आधी हात बरगडीखाली जातो, मग खोकतात. विचारलं की म्हणतात, "म्हातारा झालो." चोपन्नाव्या वर्षी कुणी म्हातारं होतं का? त्यांचे वडील ऐंशीला घोड्यावर होते.

माझं पोट दोनदा फाडलंय. ते कूस धरणं मला ओळखता येतं, बाई. नारिनला जाऊन तपासून घ्या म्हटलं तर असे ओरडले की शिंगरू बिचकलं. पंचवीस वर्षांत माझ्यावर असे ओरडले नव्हते. काहीतरी लपवतात. मला वाटतं त्यांना कळलंय आणि सांगत नाहीत.

तू काहीतरी कर. माझं ते ऐकत नाहीत. तुझंही ऐकत नाहीत, पण तुझी पत्रं टोपीत ठेवतात.

सादात

---

बिश्केक, १८ जुलै

बाइके,

आज सलाम नाही आणि घोडीची चौकशीही नाही.

तुमची उजवी कूस दुखते. कुणी सांगितलं विचारू नका. अकसायला रोज दहा जण येतात-जातात, त्यांना डोळे आहेत. तुम्ही खोगीर उचलू शकत नाही, पडून झोपू शकत नाही, खोकता, आणि तपासायला जा म्हटलं की घरातल्या बाईवर ओरडता.

मी काय करू ते सांगा. माझ्या टेबलावर रोज लोकांच्या यकृतातल्या आणि फुप्फुसातल्या गाठींचं पाणी येतं. बरणीवर गावाचं नाव असतं. आपलं अत-बाशी आलं की माझे हात थांबतात. मी जगाला सांगते की हा जंत माणसाला कसा गाफील ठेवतो, आणि माझा सख्खा भाऊ कूस धरून फिरतो आणि म्हणतो धूळ आहे. उद्या ल्युबोव पेत्रोव्हना विचारतील, "ही बरणी कुणाची?" तर काय सांगू?

गाठ फुप्फुसात असेल आणि घोड्यावरून धक्का बसून आत फुटली, तर तिचं पाणी सगळीकडे पसरतं. तेव्हा मात्र राखणदार खडबडून जागे होतात, सगळे एकदम, आणि असे उठतात की माणूस त्यातच जातो. अकसायहून नारिनच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत काय होईल, हे तुम्हाला सांगायला हवं का? तो रस्ता तुम्हीच मला दाखवलाय.

नारिनला जा. सोनोग्राफी करा, एक्स-रे काढा. जोल्चूच्या ट्रकमध्ये पुढे बसून जा, घोड्यावरून नाही. मेंढ्या ताश्तानबेक बघेल, हसण्याखेरीज तेवढं तरी करील.

नाही गेलात तर मी सुट्टी काढून येईन आणि सगळ्या कुरणासमोर तुम्हाला हाताला धरून नेईन. लहान बहीण म्हणून मान खाली घालून बसायचे दिवस गेले.

बुरमाकान

---

अकसाय, ३० जुलै

बुरमा,

पत्र वाचून दोन दिवस तुझा राग आला, मग तिसऱ्या दिवशी हसू आलं. वडिलांचा आवाज जसाच्या तसा तुझ्या पेनात उतरलाय.

कुणी सांगितलं ते मला कळलंय. इथे येणारे दहा जण माझ्याकडे बघत नाहीत, मेंढ्यांकडे बघतात. राहुटीत एकच माणूस मला बघतं आणि त्याला आज चहाबरोबर साय मिळाली नाही.

माझी कूस दुखते. ती का दुखते ते मला माहीत आहे आणि त्यात जंताचा संबंध नाही. याहून जास्त विचारू नकोस.

पण मला आता तुझ्या बोलण्यातलं एक खटकतंय. तू म्हणतेस, गाठ असते तेव्हा दुखत नाही, कळत नाही, माणूस ठणठणीत वाटतो, तोच धोका. बरं. मग माझं दुखतंय म्हणून मी तपासायचं, आणि तुझं दुखत नाही म्हणून तू तपासायचं नाही? हे कुठलं शास्त्र?

तू काय शहरात जन्मलीस? याच ओढ्याचं पाणी प्यालीस. अकतोशची पणजी होती ना, ती पांढरी कुत्री, तिच्या पोटावर डोकं टाकून तू दुपारी झोपायचीस. आई दगड मारून तिला हाकलायची, तर तू तिच्या गळ्यात पडायचीस. सतरा वर्षांची होऊन बिश्केकला गेलीस तोवर त्याच हातानं भाकरी खाल्लीस. कधी तपासलंस स्वतःला?

सौदा करू या. मी ऑगस्टच्या मध्यावर नारिनला जातो. तूपण त्याच आठवड्यात तिकडे बिश्केकला स्वतःची सोनोग्राफी करून घे. कागद मला पाठव. तू रांगेत उभी राहणार नसशील तर मीही राहणार नाही. मग खुशाल ये आणि हाताला धर, बघू कोण कुणाला ओढतं.

गोळ्यांबद्दल: एक दिली. अकतोशनं चरबी खाल्ली आणि गोळी माझ्या बुटावर थुंकली. तुझी युक्ती तुझ्याजवळ ठेव.

तिनाली

---

नारिन, १६ ऑगस्ट

बुरमा,

हे पत्र मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून लिहितोय. जोल्चूचा भाचा आजच बिश्केकला निघालाय.

गाठ नाही. फुप्फुसात नाही, यकृतात नाही, कुठेच नाही. डॉक्टरनं दोनदा फिरवून बघितलं. त्याला मीच सांगितलं, "नीट बघ, माझी बहीण भयंकर आहे."

पण बरगड्या मोडल्या आहेत. दोन. त्या आता जुळत आल्यात. डॉक्टरनं मला म्हातारं ठरवून विचारलं, "अक्साकाल, उलाक खेळत होतात का?" तो हसला. म्हणाला, या मोसमात तुम्ही चौथे.

आता कळलंच आहे तर सांगतो. जूनच्या सुरुवातीला चातिर-कोलच्या बाजूचे लोक आले होते. घोड्यावरून बकरा ओढायच्या खेळाला, उलाकला, आमच्याकडे एक खेळाडू कमी होता. गेल्या साली मी सादातच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती की आता उलाक नाही, पोरांना खेळू दे. ताश्तान म्हणाला, "तिनाली घाबरतो." मग काय, बसलो घोड्यावर. बकरा माझ्या मांडीखाली होता, बुरमा, खरंच होता, मी तो नेऊन टाकणारच होतो, तेवढ्यात एका गाढवानं आपला घोडा माझ्या कुशीवर घातला.

म्हणून मी तपासायला जात नव्हतो. एक्स-रे काढला असता तर सादातला कळलं असतं. आता कळणारच आहे. परत कसं जायचं याचा विचार करत इथे बसलोय. ती मला त्या खड्ड्यात पुरील, खडक असला तरी.

म्हणजे तुम्ही दोघी शहाण्या बायका महिनाभर मला मेलेला धरून चालल्या होतात आणि मी जिवंत आहे. तुझ्या पुड्या, तुझे राखणदार, सगळं ऐकून घेतलं. आता तुझा कागद पाठव. सौदा म्हणजे सौदा.

तिनाली

---

बिश्केक, २१ ऑगस्ट

बाइके,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही महामूर्ख आहात. चोपन्नाव्या वर्षी उलाक. जेंगेनं जे केलं असेल ते कमीच असेल. बरगड्या मोडल्यात याचा मला इतका आनंद झाला की रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

आता माझा कागद.

मी गेले होते ते तुमचं तोंड बंद करायला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, समसा पिशवीत ठेवून. सोनोग्राफीवाली ओळखीची आहे. आम्ही तिच्या सुनेबद्दल बोलत होतो. बोलता बोलता ती थांबली. मग तिनं पडदा माझ्यापासून जरा वळवला. बाइके, असा वळवलेला पडदा मी हजारदा पाहिलाय, पण आजवर नेहमी दुसऱ्या बाजूनं.

यकृतात, उजवीकडे. माझ्या मुठीपेक्षा बरीच मोठी. आत छोट्या छोट्या पिल्लू-गाठी. डॉक्टर म्हणतात वीस वर्षांची असेल, जास्तही असेल. मला काहीही होत नव्हतं. मी जिने चढते, सोमवारी पोहते, भाच्याच्या लग्नात नाचले. ढेकरसुद्धा कधी वेगळी आली नाही. तीस वर्षं मी हाच जंत शिकवतेय, विद्यार्थ्यांना दटावते, "लक्षणं नाहीत म्हणजे रोग नाही, असं समजू नका," आणि स्वतःच्या पोटावर कधी हात ठेवून पाहिला नाही. तुम्हाला गोळ्यांवरून बोलते, ते कुठल्या तोंडानं बोलते?

अजून एक. त्या वाह्यात नमुन्याचं सांगितलं होतं ना, जो चिथावल्यावर ढिम्म राहतो? सोनोग्राफीहून परत आले आणि प्रयोगशाळेतल्या रिम्माला म्हटलं, खुणांची यादी उघड. रिम्मा म्हणाली, तसं करायचं नसतं. मी म्हटलं, उघड. तिनं उघडली, वाचली, आणि मला खुर्ची दिली. माझंच रक्त. "निरोगी स्वयंसेवक" म्हणून मीच दिलेलं.

ल्युबोव पेत्रोव्हना म्हणतील, एका माणसाच्या रक्तावरून काही सिद्ध होत नाही, आणि त्या बरोबर आहेत. वय असेल, थकवा असेल, दुसरं काही असेल. मी कुठे छापणार नाही. पण त्या दुपारी माझी खात्री पटली. माझ्या त्या पेशींना पुड्या द्यायची गरजच नव्हती. त्यांना घरूनच मिळत होत्या, वीस वर्षं. आणि मी आपली भांडी घासतेय.

ऑपरेशन सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर गोळ्यांचा कोर्स, पोहणं बंद, वजन उचलायचं नाही, पडायचं नाही. गाठ काढताना फुटू नये, एवढंच. फुटली तर काय होतं ते मीच तुम्हाला लिहिलंय, त्यामुळे मला कुणी खोटा धीरही देऊ शकत नाही. शिकल्याचा हा एक तोटा.

तुम्ही येऊ नका. मेंढ्या खाली उतरवायचे दिवस आहेत, बरगड्या कच्च्या आहेत, आणि तुम्ही हॉस्पिटलात सगळ्यांशी भांडता. मला भीती वाटते, हे जेंगेला सांगू नका.

तुमची बहीण,
बुरमाकान

---

अत-बाशी, १४ ऑक्टोबर

बुरमा,

तुझी जखम भरत असेल. मी तिथून निघालो तेव्हा तू भिंत धरून चालत होतीस आणि मला हात लावू देत नव्हतीस. आता भिंत सुटली असेल.

सगळे विचारतात, तर मी सांगतो कसं झालं. म्हणतो, डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, अख्खी निघाली, फुटली नाही. मी तिथेच जमिनीवर बसलो. पण त्यानंतरचं मी कुणाला सांगत नाही, कारण कुणाला खरं वाटणार नाही. माझी बहीण शुद्धीवर आली, ओठ कोरडे, आवाज नाही, मी वाकलो, वाटलं पाणी मागते. तर म्हणाली, "बरणी कुठंय?" नर्सनं कपाळावर हात मारला. तू मात्र रिम्माला बोलावून, ती बरणी थंड पेटीतून नेते की नाही, ते बघितल्याशिवाय डोळे मिटले नाहीस. मी चारशे किलोमीटरचा प्रवास करून आलो, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

रिम्मानं मला दुसऱ्या दिवशी तुमच्या पडद्यावर त्या पुड्या दाखवल्या. मला वाटलं होतं त्यांना दात असतील, नाहीतर नांग्या. पण त्या नुसत्या गोल. पिठाच्या कणासारख्या. मी तिला म्हटलं, "एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच."

आता इथलं. आम्ही खाली उतरलो. खड्डा खणला, गावाच्या कडेला, इथे माती आहे. अकतोशला गोळी दिली. चरबीत नाही. जबडा उघडला, गोळी जिभेच्या मागे सरकवली, तोंड मिटून नाक धरलं. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. बाकीच्या दोघांनी त्याचं बघून निमूट गिळली. सादात म्हणते, हे जूनमध्ये जमलं असतं. मी ऐकून घेतो. उलाकच्या दिवसापासून मला या घरात बोलायचा हक्क राहिलेला नाही.

मग मी घरोघर फिरलो. बुरमा, हे लोक काय आहेत? एकेकाला बसवून समजावतो, जंत, अंडी, पुड्या, राखणदार, सगळं, तू लिहिलंस तसं. चहा पितात, मान हलवतात आणि म्हणतात, "बघू." कायिर्बेकची बायको म्हणते, आमचं कुत्रं तर बघा किती तुकतुकीत. दुसरा म्हणतो, आजोबांनी कधी पुरलं नाही. तिसऱ्यानं गोळ्या घेतल्या आणि खोगिराखाली ठेवल्या, माझ्या डोळ्यांदेखत. माझा घसा बसला. एकाची तर मी गचांडी धरणार होतो. तू हे तीस वर्षं कसं करतेस, मला कळत नाही. मी आठवड्यात थकलो.

ताश्तानबेककडे मुद्दाम शेवटी गेलो. तो लगेच सुरू झाला, "ये, मेंढ्यांच्या मुल्ला." बसलो. त्याची बायको कट्टामा पोळ्या तळत होती. तो थट्टा करत होता, मी खात होतो. समजवायचं माझ्यात त्राण नव्हतं. खाऊन हात पुसले आणि उठलो. दारापर्यंत आला, बूट घालताना विचारलं, "तुझ्या बहिणीला काय व्हायचं रे? दुखायचं कुठे?"

मी म्हटलं, "कुठेच नाही."

"म्हणजे? ताप? उलट्या?"

"काही नाही. लग्नात नाचली ती."

तो चौकटीला टेकून उभा राहिला. आतून त्याची बायको काहीतरी हसून बोलत होती, नात तिच्याभोवती पळत होती, आणि तो त्यांच्याकडे वळून बघत होता. मी बूट बांधले, जायला निघालो.

मागून म्हणाला, "तिनाली, नारिनची गाडी कधी निघते?"

गुरुवारी जातोय. जोल्चूच्या ट्रकमध्ये मी पुढे, ताश्तान, त्याची बायको आणि नात मागे. सादातचीही तपासणी व्हायची आहे. रस्त्यात सगळे गातील आणि माझं डोकं उठेल.

तू जेवत जा.

तिनाली